सोहोनी काकांचा शेवटचा रकाना

सोहोनी काकांना मारामारी आवडायची. हे आधीच सांगून टाकते, कारण नेपरव्हिलला त्यांच्या मुलाच्या घरी शोकसभा झाली तिच्यात हे एकानेही उच्चारलं नाही. बाहेर गुडघाभर बर्फ, दाराशी बुटांचा ढीग, खाली बेसमेंटमध्ये चाळीसेक मराठी माणसं. जो उठला तो म्हणाला, काका म्हणजे मुंगीलाही न दुखावणारे. एका मावशींनी तर ते डाससुद्धा मारत नसत अशी साक्ष दिली. ते खरं आहे. डास मारत नसत. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर, दर शनिवारी दुपारी, हाच माणूस आमच्या कॉलेजच्या फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघेपासून हातभर अंतरावर उभा राहायचा आणि दात आवळून ‘हाण’ म्हणायचा. मी कितीदा तरी शेजारी उभी होते. कानांनी ऐकलंय.

मी सभेत गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, तेव्हा इथे लिहिते.

इकडचा फुटबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्यात पायाचं काम थोडं आणि अंगाचं फार. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर ढाली, आणि वीस-एकवीस वर्षांची पोरं एकमेकांवर सोडलेली. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवा करायचा. टीव्हीवर तो खेळ दिसतो. रेघेपाशी उभं राहिलात तर तो ऐकू येतो. हेल्मेटवर हेल्मेट आदळतं तो आवाज, फुटलेल्या श्वासाचा आवाज, आणि एखाद्या वेळी ओली फांदी मोडावी तसा आवाज. तो आला की बँड वाजवणाऱ्या पोरीसुद्धा क्षणभर वाद्यं खाली घेतात. मग पुन्हा वाजवतात.

काका सत्तरच्या दशकात मिरजेहून आले आणि इलिनॉयमधल्या मक्याच्या शेतांनी वेढलेल्या या कॉलेजात सिव्हिलच्या पोरांना सर्वेक्षण शिकवायला लागले. मिरजेत ते जिल्ह्याच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर होते. इथे पहिल्याच वर्षी त्यांनी फुटबॉल पाहिला आणि पुढच्या शनिवारी क्रिकेटची स्कोअरबुक घेऊन मैदानावर हजर झाले. गावच्या रेडिओवर सामन्याचं वर्णन करणाऱ्याला, कुणी कुणाला पाडलं, याच्या चिठ्ठ्या ते खालून पाठवायचे. कॉलेजची अधिकृत आकडेवारी ठेवणारी मंडळी वर काचेच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसत. काका खाली थंडीत, पिवळं जाकीट, माकडटोपी, गळ्यात अडकवलेली फळी, तिच्यावर वही आणि कानामागे तीन रंगांच्या पेन्सिली. नंतरनंतर कॉम्प्युटर अडला की वरचा माणूस काकांकडे पळत यायचा.

वही पूर्ण मराठीत. आकडे मराठी, खुणा मराठी. दर सीझनची एक वही आणि दर वहीला नाव. पंचांगात संवत्सराला असतं तसं. मी २००३च्या शरदात पीएच.डी.ला आले, नागपूरहून. तिथे वसतिगृहाच्या मेसपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांविरुद्ध पत्रकं काढण्यात माझी तीन वर्षं गेली होती. सुधाकाकूंनी पहिल्याच रविवारी जेवायला बोलावलं. काकांनी माझी चौकशी केली, हसले, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी पत्रकवाली झाले. पानं वाढेपर्यंत त्यांनी कपाटातून वह्या काढून समोर मांडल्या. २००१च्या वहीवर लिहिलं होतं ‘बाटली संवत्सर’.

“दाखव तिला, तुझा पराक्रम दाखव,” काकू म्हणाल्या, आणि मग त्यांनीच सांगितलं. मनोऱ्यांवर विमानं आदळली त्या सप्टेंबरनंतरचा पहिला घरचा सामना. मैदानभर झेंडे. काकांनी तेव्हा दाढी ठेवलेली. चारपैकी दुसऱ्या भागात मागच्या बाकांवरून कुणी तरी बर्फाने गच्च भरलेली बाटली फेकली, ती बरोबर कानावर. शिवाय आपल्या देशात परत जा, असा सल्लाही आला. काका गुडघ्यावर बसले. पिवळ्या जाकिटावर रक्त. दोघातिघांनी उचलून नेलं, सात टाके पडले. आणि हा गृहस्थ शेवटचा भाग सुरू व्हायच्या आत डोक्याला पट्टी बांधून परत रेघेवर.

वही उघडून काकांनी मला ते पान दाखवलं. उजव्या बाजूचा सगळ्यात शेवटचा रकाना. त्याच्यावर मथळा ‘नि.ज.’. म्हणजे निवृत्त, जखमी. क्रिकेटच्या वहीत फलंदाज लागून बाहेर गेला की हे लिहावं लागतं, कारण तो बाद नसतो, तो परत येऊ शकतो. काकांनी तो रकाना इथे आणला होता. कोण केव्हा लागून बाहेर गेला, केव्हा आत आला. त्या दिवशी त्या रकान्यात चार खेळाडूंच्या खाली पाचवं नाव होतं, ‘सोहोनी’, आणि पुढे जाण्याची आणि येण्याची वेळ.

मला हसू आलं. काकांना नाही आलं. म्हणाले, “मिरजेला आमचे गुरू होते, त्यांनी हा रकाना विसरलो म्हणून मला सगळ्या संघासमोर थोबाडीत मारली होती. म्हणाले, बाद झालेला विसरलास तरी चालेल, तो लोक सांगतात. लागून गेलेला कुणी सांगत नाही.”

अमेरिकेच्या कुठल्याही फुटबॉलच्या तक्त्यात असा रकाना नाही, हे मी नंतर बघितलं. कुणी पाडलं ते आहे. पडलेला उठला की नाही ते नाही.

२००२ची वही होती ‘चिखल संवत्सर’. पावसाने मैदानाची पार घाण केली आणि संघ सगळीकडे हरला. ते सांगतानाही काकांचे डोळे चमकायचे, कारण चिखलात पोरं घसरून जास्त जोरात आदळतात. मग आलं २००३, ‘सुरुंग संवत्सर’. सुरुंग म्हणजे डॅरेल.

डॅरेलचं काम समजून घ्या. सामना सुरू होताना आणि दर वेळी गुण झाले की एक संघ चेंडू लांब लाथाडतो, तो किकऑफ; दुसरा झेलून उलटा पळत येतो. पळणाऱ्याच्या पुढे त्याचे तीन-चार धिप्पाड गडी खांद्याला खांदा लावून भिंत करतात. ती भिंत फोडायला एक माणूस लागतो. त्याने साठ यार्ड जीव खाऊन पळत यायचं आणि थेट तिच्यात शिरायचं. वळसा घालायचा नाही. भिंत फुटली की मागचे लोक चेंडूवाल्याला पाडतात, टाळ्या त्यांना मिळतात. फोडणारा खाली कुठे तरी असतो. आमचा फोडणारा डॅरेल होता, पहिल्या वर्षाला, दक्षिण इलिनॉयमधल्या एका लहान गावचा. त्याची आई लोरेटा शाळेची बस चालवायची. खेळाडूंना गणित शिकवण्याचं काम मला मिळालं होतं, त्यात तो माझ्याकडे होता. शेकडेवारी तो यार्डांत मोजायचा आणि माझ्याआधी उत्तर काढायचा. काढून झालं की पेन टेबलावर आडवं ठेवून मला वाकुल्या दाखवायचा.

काकांचं त्याच्यावर प्रेम बसलं. दुसरा शब्द नाही. किकऑफ आला की काकांचा उजवा पाय हलायला लागायचा. डॅरेल सुटला की पाय थांबायचा. आणि तो भिंतीवर आदळला, की काका डावा हात वहीवर घट्ट दाबून उजवा पाय जमिनीवर आपटायचे, आणि ‘हाण’. स्कोअररने टाळी वाजवायची नसते हा त्यांचा नियम. टाळी त्यांनी कधी वाजवली नाही. लाल पेन्सिलीचं टोक मात्र दर सामन्यात मोडायचं. सोमवारी त्याच्यासाठी डब्यातून बेसनाचे लाडू जायचे. त्याला ते फार गोड लागायचे. तो ते दुसऱ्या एकाला द्यायचा, हे मी काकांना कधी सांगितलं नाही.

२००४ला संघ जिंकायला लागला. ‘विजय संवत्सर’. गावातल्या पेट्रोलपंपावर पोस्टरं, प्राध्यापक मंडळी सूटवर संघाच्या टोप्या घालून. एका सामन्यात डॅरेलने भिंतीतल्या एका पोराच्या गळ्याचं हाड मोडलं. तो ओल्या फांदीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ते पोर पाठीवर पडून टाचा घासत होतं, हाड कातडीच्या आतून वर आलेलं दिसत होतं, आणि आमच्या पंधरा जणांनी डॅरेलच्या हेल्मेटवर थापा मारल्या. बाकांवर लोक उभे राहिले. मीही उभी राहिले, हेही लिहिते, नाही तर हे पत्रक खोटं ठरेल. काकांनी त्या परक्या पोराचं नाव विचारून शेवटच्या रकान्यात लिहिलं. समासात काही तरी खरडलं. मग पाय आपटला.

त्याच सीझनमध्ये डॅरेलच्या नावापुढेही रकाना भरायला लागला. जाण्याची वेळ, येण्याची वेळ. मधे कधी पाच मिनिटं, कधी तीन. बाकावर बसवायचे, अमोनियाची कुपी नाकाशी फोडायचे, डोळ्यांसमोर बोटं नाचवायचे, जा. पोरांच्या भाषेत त्याला घंटा वाजणं म्हणायचे. घंटा वाजली, उतरली, चल. काय गोड शब्द आहे. देवळातली वाटावी.

२००५च्या सप्टेंबरात डॅरेल माझ्यासमोर बसला आणि एक साधं गणित त्याने तीनदा वाचलं. मग एका डोळ्यावर तळहात ठेवून चौथ्यांदा. म्हणाला, ओळी हलतात. ऑक्टोबरात तो कचऱ्याच्या डब्यात ओकला, तोंड पुसलं आणि “सॉरी, मॅम” म्हणाला. मी खेळाडूंच्या अभ्यासाचं बघणाऱ्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, मुदतवाढीचा फॉर्म हवा आहे का.

त्यानंतरच्या शनिवारी घरचा मोठा सामना. जुने विद्यार्थी, मिरवणूक, बँड. डॅरेल भिंतीवर गेला आणि उठून चालायला लागला, तो प्रतिस्पर्ध्यांच्या बाकाकडे. त्यांच्याच एका पोराने त्याला खांद्याला धरून उलटा फिरवला. लोक हसले. त्याला बाहेर घेतलं, परत पाठवलं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पुढच्या शनिवारी पहिल्याच किकऑफला तो भिंतीत शिरला आणि खाली पडला तो दोन्ही हात समोर ताठ करून. पाठीवर पडलेला माणूस, हात आभाळाकडे ताठ, जणू छातीवर बसलेल्या कुणाला तरी ढकलतोय. ते हात खाली येईनात. गाडी आली, पट्ट्यांनी बांधून नेला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या किकऑफला त्याच्या जागी दुसरं एक पोर धावत गेलं आणि भिंतीत शिरलं.

मी काकांकडे बघितलं. पाय हलत नव्हता.

डॅरेल वाचला. कसा वाचला ते विचारू नका. शब्द शोधताना तोंड उघडं राहायचं, उजेड सहन व्हायचा नाही, दोन विषय गेले. जानेवारीत कॉलेजचं पत्र आलं, अभ्यासात अनुत्तीर्ण म्हणून शिष्यवृत्ती बंद, वसतिगृह सोडा. लोरेटाने अर्ज केला तर उत्तर असं की या सामन्याआधी खेळाडूला डोक्याची इजा झाल्याची नोंद कुठेही नाही, असलीच तर ती त्याने लपवली. म्हणजे दोष त्याचाच. मार्चमध्ये सुनावणी ठेवली.

नोंद नाही. मी त्याच संध्याकाळी काकांकडे गेले. काकूंनी पोहे समोर ठेवले, मी हात लावला नाही. म्हटलं, २००४ आणि २००५ची वही द्या. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “स्कोअरर कुणाच्या बाजूचा नसतो गं.”

मी म्हणाले, “मग तुमचा पाय कुणाच्या बाजूचा होता?”

काकू आत निघून गेल्या. कपाटाला कुलूप होतं. २००५च्या वहीला त्या वर्षी नाव दिलेलं नव्हतं, हे मला काकूंकडून नंतर कळलं. रेघेवर उभं राहण्याचा तीस वर्षांचा पास जाईल म्हणून भ्यायले, अशी माझी खात्री झाली. म्हातारा भित्रा, विषय संपला.

मी पत्रक काढलं. इंग्रजीत, दोन बाजू. मोठ्या सामन्यात डॅरेलला लागल्यानंतर दोनदा आत पाठवलं, असं ठळक अक्षरांत. रेघेवर उभा राहून बघणारा प्रत्येक जण यात सामील आहे, हेही. कुणाबद्दल लिहिलं ते गावातल्या सगळ्या मराठी घरांना कळलं. बास्केटबॉलच्या सामन्याला पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचांवर ती पत्रकं लावताना संघाच्या टोपीतल्या एका माणसाने मला बॉनेटवर ढकललं आणि गठ्ठा बर्फात तुडवला. मनगट सुजलं. त्याचा मुलगा गाडीतून बघत होता.

तिसऱ्या दिवशी काका माझ्या शिकवणीच्या खोलीत आले. हातात माझं पत्रक. बर्फाने शाई फुटलेली. एका शब्दाभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ.

“दोनदा नाही, तीनदा,” ते म्हणाले. “दुसऱ्या भागात तू गरम चॉकलेट आणायला गेली होतीस, तेव्हा एकदा. चुकीचं छापू नकोस.”

मी म्हटलं, मग येऊन सांगा.

बराच वेळ त्यांनी टोपी हातात फिरवली. “वाचून दाखवीन. पण वाचायला घेतलं तर सगळं वाचीन. वगळणार नाही.”

वगळा असं म्हणतंय कोण, असं मी म्हणाले. मला कळलंच नव्हतं.

सुनावणी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत झाली. लांब टेबलापलीकडे एक डीन, क्रीडा विभागाचा एक माणूस आणि कॉलेजचे वकील. अलीकडे लोरेटा, बस चालवतानाचं जाकीट घालून, शेजारी गॉगल लावलेला डॅरेल. मागे मी. काकांनी वह्या ठेवल्या. वकिलांनी पानं उलटली, सौजन्याने हसले आणि म्हणाले की हे कुठल्या लिपीत आहे ते त्यांना ठाऊक नाही, समितीला वाचता येत नाही असा कागद पुरावा कसा धरायचा. काका म्हणाले, मी वाचतो.

आणि वाचलं. सर्वेक्षणाच्या वर्गात कोन वाचावेत तशा सपाट आवाजात. तारीख, भाग, घड्याळाची वेळ, डॅरेल बाहेर. वेळ, डॅरेल आत. बाहेर. आत. पान उलटायचं, पुढचा सामना. दोन सीझन. क्रीडा विभागाचा माणूस आधी लिहून घेत होता, मग त्याने लिहिणं सोडलं.

मोठा सामना आला. बाहेर, आत. बाहेर, आत. बाहेर, आत. तीनदा.

मग काका थांबले. चष्मा पुसला. म्हणाले, समासातही नोंदी आहेत.

मला त्यांच्या खांद्यावरून पान दिसत होतं. त्या खोलीत मराठी वाचणारी दोनच माणसं होती. लाल पेन्सिल, तिरकी अक्षरं, प्रत्येक किकऑफसमोर. त्यांनी वही मिटली असती तर जगात कुणाला कळलं नसतं, आणि मी काही बोलले नसते. त्यांनी ती मिटावी असंच मला वाटत होतं.

काकांनी आधी मराठी शब्द वाचायचा, मग इंग्रजीत अर्थ सांगायचा, असं केलं. ‘हाण.’ म्हणजे, मार त्याला. ‘शाबास.’ म्हणजे, छान केलंस. ‘वा रे वाघा.’ ‘अजून एक.’ तिसऱ्यांदा आत गेला त्या ओळीसमोर लिहिलं होतं, ‘आला माझा सुरुंग.’ सुरुंगाचा इंग्रजी शब्द त्यांना लगेच सुचला नाही. खडक फोडायला दारू ठासतात ती, एकदाच वापरतात, असं त्यांनी सांगितलं. पाणी प्यायले आणि पुढची ओळ वाचली.

लोरेटाने विचारलं, “बाजूचं ते कुणी लिहिलं?”

“मी.”

ती म्हणाली, “जागा चांगली मिळाली होती तुम्हाला.”

बस. रडली नाही, ओरडली नाही. डॅरेल मान खाली घालून बसला होता. त्याने गॉगल काढून काकांकडे बघितलं, पुन्हा लावला.

निकालात लिहिलं की ही वही अधिकृत कागदपत्र नाही. चूक कुणाचीच नाही. मात्र विशेष बाब म्हणून डॅरेलची शिष्यवृत्ती पदवीपर्यंत चालू राहील. असे निकाल लिहायला माणसं शिकतात कुठे, मला खरंच जाणून घ्यायचंय. डॅरेलने हळूहळू, एका वेळी एक विषय घेत अभ्यास सुरू केला. ऑगस्टमध्ये कॉलेजने काकांचं रेघेवर उभं राहण्याचं पिवळं जाकीट परत मागवलं. कारण दिलं सुरक्षेचं.

त्या वर्षी ते मैदानावर गेलेच नाहीत. माझ्याशीही कामापुरतं बोलायचे. २००७ला तिकीट काढून जायला लागले, असं काकूंनी कळवलं. माझी पदवी झाली, सांता क्लाराची नोकरी ठरली, नोव्हेंबरातल्या शेवटच्या घरच्या सामन्याला मी त्यांना भेटायला म्हणून गेले.

सगळ्यात वरच्या रांगेत, एका टोकाला, माकडटोपी. गुडघ्यावर नवी वही. मी शेजारी बसले. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली. वहीवर नाव नव्हतं. आत पेन्सिल एकच, काळी. बाकीचे सगळे रकाने गेले होते, गुण, यार्ड, काही नाही. राहिला होता शेवटचा एक, आणि तो इंग्रजीत होता, मोठ्या सुटसुटीत अक्षरांत, शाळेतल्या पोरालाही वाचता येईल असा. मी बघतेय हे बघून म्हणाले, “मी नसलो तरी वाचता आलं पाहिजे.”

खाली चेंडू उडाला. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं, काका बघत होते बाकाकडे, कोण बसलंय, कोण उठतोय. एक नवा पोरगा आमच्या बाजूने सुटला, साठ यार्ड, थेट भिंतीकडे. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला, बोटं पांढरी होईपर्यंत.

पोरगा आदळला. आवाज वरपर्यंत आला.

गुडघा त्यांच्या हातांतून निसटला. पाय आपटला.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. पेन्सिल उचलली आणि पोरगा उठतो का ते बघत राहिले.